खाऱ्या पाण्याचा तरणतलाव : मिठातून तयार होणारा क्लोरिन आणि बेळगाव-निपाणी परिसरातील पाणी

बेळगाव-निपाणी परिसरात पोहणे पूर्वापार विहिरीत शिकले जात असे. पाठीला सुका भोपळा किंवा बंद डबा बांधून वडील मंडळी मुलाला पाण्यात ढकलत आणि आठ-पंधरा दिवसांत तो हातपाय मारू लागे. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर आजही 'काँग्रेस विहीर' म्हणून ओळखली जाते, इतके या शहराचे विहिरीशी नाते जुने आहे. विहिरीच्या पाण्यात कोणी काही टाकत नसे. झऱ्याचे नवे पाणी येई, मोटेने किंवा पंपाने जुने उपसले जाई आणि पाणी आपोआप बदलत राही. तरणतलावाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथे तेच पाणी महिनोन् महिने गाळून परत वापरले जाते. त्यात माणसाचा घाम, तेल, मूत्र, धूळ आणि जंतू मिसळत राहतात. म्हणून त्या पाण्याला रसायनशास्त्राचा सांभाळ लागतो.

बेळगाव शहरातील सार्वजनिक तलावांबरोबर आता गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरील विश्रामस्थाने, मंगल कार्यालये आणि शेतघरे येथेही लहान तरणतलाव दिसू लागले आहेत. त्यांपैकी काही ठिकाणी 'खाऱ्या पाण्याचा तलाव' ही पद्धत सुचवली जाते. विकणारा सांगतो की यात क्लोरिन नाही, केमिकल नाही, फक्त मीठ आहे. हे विधान चुकीचे आहे आणि ज्या मुलाला तलावाची देखभाल करायची आहे, त्याच्या दृष्टीने ते धोक्याचेही आहे. दहावी-बारावीनंतर नळजोडणी, वीजकाम किंवा हॉटेल-सेवा यांचे अल्पमुदतीचे शिक्षण घेणाऱ्या सीमाभागातील अनेक तरुणांना पुढे गोव्यात किंवा कोल्हापूर-पुण्यात असेच काम मिळते. आम्लाचा कॅन आणि क्लोरिनची पावडर त्यांच्याच हाती येते. १० ऑक्टोबर २०२३ रोजी सकाळी पिंपरी-चिंचवडमधील कासारवाडीच्या महापालिका जलतरण तलावात क्लोरिन वायूची गळती झाली. पोहायला आलेल्या अनेकांना श्वास घेणे कठीण झाले आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले. त्याआधी जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडी येथे जुन्या सिलिंडरमधून झालेल्या क्लोरिन गळतीने शंभराहून अधिक लोक बाधित झाले होते. क्लोरिनची ओळख करून न घेता त्याच्याजवळ काम करणे कसे असते, हे या घटनांवरून कळते.

प्रस्तुत लेखात खाऱ्या पाण्याच्या तलावातील रसायन, त्याचे मोजमाप आणि या परिसरातील पाण्यामुळे त्यात पडणारा फरक यांचा विचार केला आहे. उदाहरणासाठी सर्वत्र एकच तलाव घेतला आहे : लांबी १० मीटर, रुंदी ५ मीटर, सरासरी खोली १.४ मीटर. त्यात ७० घनमीटर, म्हणजे ७०,००० लिटर पाणी मावते. हा हिशेब सोपा असल्याने वर्गातील फळ्यावर तो सहज मांडता येतो.

'क्षार' या शब्दाचा घोळ

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला हा विषय शिकवताना पहिली अडचण भाषेची येते. पाठ्यपुस्तकात आम्ल आणि आम्लारी यांच्या संयोगाने जे बनते ते क्षार. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर चढला की घरात म्हणतात, 'पाण्यात क्षार फार आहेत'. तेथे अर्थ असतो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा, म्हणजे कठीणपणाचा. शेतकरी 'जमीन क्षारपड झाली' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात सोडियम असते. आणि जुन्या वैद्यकात क्षार म्हणजे राखेपासून काढलेला दाहक पदार्थ, ज्याला आज अल्क म्हणावे लागेल. इंग्रजीतून आलेला 'अल्कली' हा शब्दही मूळ अरबी 'अल्-क़ली' आहे. खाऱ्या जमिनीतील वनस्पती जाळून मिळणाऱ्या राखेचे ते नाव होते.

तरणतलावात या चारही गोष्टी वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. मीठ वेगळे, कठीणपणा वेगळा, अल्कता वेगळी आणि पीएच वेगळा. ज्या वर्गात मराठीबरोबर उर्दू आणि कन्नड बोलणारी मुले बसतात, तेथे नमक, उप्पु आणि मीठ हे तीन शब्द एका ओळीत आणि बाकीच्या तीन राशी खाली स्वतंत्र लिहिल्या तर पुढचा निम्मा गोंधळ टळतो. अल्कता आणि पीएच यांतील फरक समजण्यास सर्वांत अवघड जातो. पीएच हा पाणी या क्षणी किती आम्लधर्मी आहे याचा आकडा आहे. अल्कता मात्र पाण्यातील बायकार्बोनेटचा साठा आहे. आम्ल पडले तर पीएच लगेच घसरू न देणारी ही शिल्लक होय. खिशातील रोकड आणि पतपेढीतील ठेव हा दाखला येथे बऱ्यापैकी लागू पडतो.

सेलमध्ये काय घडते

खाऱ्या पाण्याच्या तलावात लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम आणि माणसाच्या अश्रूंत सुमारे ९ ग्रॅम असते. म्हणजे हे पाणी समुद्राच्या दहाव्या हिश्श्याइतकेच खारे असते. तोंडात गेले तर जेमतेम चव लागते. एवढ्या मिठाने जंतू मरत नाहीत. पाण्याचे निर्जंतुकीकरण मिठापासून तयार केलेला क्लोरिनच करतो.

गाळणीतून परत येणाऱ्या पाण्याच्या नळीत एक सेल बसवलेला असतो. त्यात टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साईडचा लेप असतो. असा लेप देण्याची पद्धत हेन्री बीअर यांनी १९६५ च्या पेटंटात मांडली; त्यापूर्वी वापरले जाणारे ग्रॅफाईटचे अग्र झिजत असत. पट्ट्यांमधून एकदिश विद्युतप्रवाह सोडला की धनाग्रावर क्लोराईडपासून क्लोरिन तयार होतो, ऋणाग्रावर हायड्रोजन वायूचे बुडबुडे निघतात आणि तेथे सोडियम हायड्रॉक्साईड उरते. क्लोरिन लगेच पाण्यात विरघळून हायपोक्लोरस आम्ल बनते. ब्लिचिंग पावडर टाकली काय किंवा क्लोरिनचे सिलिंडर जोडले काय, पाण्यात जंतू मारणारा पदार्थ हाच असतो. फरक एवढाच की येथे तो जागेवर, थोडा थोडा आणि दिवसभर तयार होतो. साठवणुकीचा धोका त्यामुळे कमी होतो, ही या पद्धतीची खरी जमेची बाजू आहे आणि ती मान्य करायला हवी.

किती क्लोरिन मिळेल, हे फॅरडेच्या नियमावरून काढता येते. एक अँपिअर प्रवाह एक तास वाहिला तर १.३२ ग्रॅम क्लोरिन तयार होतो. सेलमध्ये सात पट्ट्या असतील तर त्यांच्यामध्ये सहा फटी पडतात आणि तोच प्रवाह प्रत्येक फटीत काम करतो. ४ अँपिअर प्रवाहाला सहा फटींनी गुणले की २४ अँपिअरचे काम होते. ताशी सुमारे ३२ ग्रॅम हे त्याचे आदर्श उत्पादन. प्रत्यक्षात काही वीज ऑक्सिजन तयार होण्यात जाते, म्हणून २५ ग्रॅम धरावे. उदाहरणातील तलावात लिटरमागे १ मिलिग्रॅम क्लोरिन म्हणजे एकूण ७० ग्रॅम. उन्हाळ्यात ऊन आणि पोहणारे मिळून दिवसाला लिटरमागे ३ मिलिग्रॅम खर्च करतात असे मानले तर २१० ग्रॅम हवेत, आणि सेल सुमारे साडेआठ तास चालला पाहिजे. दिवसातून सहा तासच वीज आणि पंप मिळत असेल तर पाणी हिरवे का होते, याचे उत्तर या एका भागाकारात आहे. यंत्र विकत घेण्यापूर्वी हा हिशेब कोणी करत नाही आणि नंतर दोष मिठाला दिला जातो.

काम झाल्यावर क्लोरिनचे पुन्हा क्लोराईड होते, म्हणून मीठ 'संपत' नाही. ते फक्त पाण्याबरोबर बाहेर जाते : गाळणी उलटी धुताना, पावसात तलाव भरून वाहताना, फटीतून गळताना. आटणाऱ्या पाण्याबरोबर मात्र मीठ जात नाही.

हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. काचेच्या ग्लासात मिठाचे पाणी, दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढे पुरते. ऋणाग्राजवळ हळदीचा कागद धरला तर तो लालसर होतो आणि धनाग्राजवळ रंगीत फुलाची पाकळी हळूहळू फिकी पडते. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि दोन-तीन मिनिटांत बॅटरी काढावी. ग्लासावर नाक नेऊन वास घेण्याचा मोह मुलांना होतोच, तो आधीच रोखावा.

पीएच वर का सरकतो

खाऱ्या तलावाची नेहमीची तक्रार अशी की पीएच सारखा वाढतो. सेलमध्ये सोडियम हायड्रॉक्साईड बनते म्हणून, असे उत्तर बहुतेक ठिकाणी दिले जाते. ते अपुरे आहे. हायपोक्लोरस आम्ल आपले काम करून किंवा उन्हाने विघटित होऊन क्लोराईडमध्ये बदलते, तेव्हा तेवढेच आम्ल मोकळे होते आणि हायड्रॉक्साईडचा हिशेब जवळपास फिटतो. वाढीचे मोठे कारण कार्बन डायऑक्साईड हे आहे. तलावाच्या पाण्यात तो हवेपेक्षा जास्त प्रमाणात विरघळलेला असतो. हायड्रोजनचे बुडबुडे, कारंजे, उड्या मारणारी मुले यांमुळे पाणी घुसळले जाते आणि हा वायू निसटतो. सोड्याची बाटली उघडून हलवली की ती कमी आंबट लागते, तसेच हे. पाण्यात बायकार्बोनेटचा साठा जितका जास्त, तितका निसटण्याजोगा वायू जास्त. म्हणून साध्या क्लोरिनच्या तलावात अल्कता लिटरमागे ८० ते १२० मिलिग्रॅम ठेवतात, तर खाऱ्या तलावात ६० ते ८० पुरेशी असते. पीएच खाली आणायला आम्ल, मग अल्कता घसरली म्हणून खायचा सोडा, मग पुन्हा आम्ल, असे चक्र अनेक ठिकाणी वर्षभर चालते. त्याला कंटाळून शेवटी कोणीच काही मोजत नाही.

पीएचला एवढे महत्त्व का, हे हायपोक्लोरस आम्लाच्या विभाजनावरून दिसते. पीएच ७.० असताना मुक्त क्लोरिनचा सुमारे ७६ टक्के भाग या प्रभावी रूपात असतो, ७.५ ला निम्मा, ८.० ला २४ टक्के आणि ८.५ ला जेमतेम ९ टक्के. उरलेला हायपोक्लोराईट आयन जंतू मारण्यात बराच दुबळा असतो. चाचणीत रंग तोच दिसतो, पण काम पाव हिश्श्याने होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलतरण तलावांच्या मार्गदर्शक सूचनांत क्लोरिनच्या तलावासाठी ७.२ ते ७.८ ही मर्यादा दिली आहे. भारतीय मानक ब्युरोचे तरणतलावाच्या पाण्यासाठीचे आयएस ३३२८ हे मानकही उपलब्ध आहे आणि ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात असणे उपयोगाचे ठरेल.

उदाहरणातील तलावात अल्कता लिटरमागे १० मिलिग्रॅमने कमी करायची तर सुमारे ५१० ग्रॅम शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल लागते; बाजारातील साधारण ३२ टक्क्यांच्या आम्लाचे ते सुमारे १.४ लिटर होते. तेवढीच अल्कता वाढवायला १.२ किलो खायचा सोडा लागतो. आम्ल नेहमी बादलीभर पाण्यात ओतून सौम्य करावे, आम्लावर पाणी ओतू नये. मग पंप चालू असताना, खोल बाजूला, फिरत फिरत टाकावे. बेळगाव भागात तलावाच्या काठाला शहाबादी फरशी बसवण्याची पद्धत आहे. ही फरशी चुनखडीचा दगड आहे, आम्लाचा थेंब पडला की ती फसफसते. फरशीचा एक तुकडा आणि आम्लाचे दोन थेंब घेतले की अल्कतेचा पाठ तोंडी सांगण्याची गरज उरत नाही. जांभा दगडाची अडचण निराळी आहे. त्याच्या छिद्रांत खारे पाणी शिरून वाळते, स्फटिक वाढतात आणि दगडाचा भुगा होऊ लागतो. खाऱ्या तलावाच्या काठाला म्हणूनच जांभा घालू नये.

ऊन, पाऊस आणि दोन गावांचे पाणी

मुक्त क्लोरिन भर उन्हात टिकत नाही. उघड्या तलावात तासाभरात निम्म्याहून अधिक नष्ट होऊ शकतो. त्याला धरून ठेवण्यासाठी सायन्युरिक आम्ल लिटरमागे ३० ते ५० मिलिग्रॅम घालतात. काही यंत्रनिर्माते खाऱ्या तलावासाठी याहून जास्त सुचवतात. हे आम्ल क्लोरिनला छत्रीसारखे जपते, पण त्याची धारही बोथट करते, म्हणून प्रमाण वाढले की क्लोरिनची पातळीही वर ठेवावी लागते. छताखालील तलावाला त्याची गरज नसते. सेल बंद पडला की पुष्कळ ठिकाणी ट्रायक्लोरच्या गोळ्या वापरतात. त्या गोळ्यांतून १ भाग क्लोरिनमागे ०.६ भाग सायन्युरिक आम्ल पाण्यात जाते. रोज २ मिलिग्रॅम क्लोरिन अशा प्रकारे तीन महिने दिला तर सायन्युरिक आम्ल १०० मिलिग्रॅमच्या वर पोहोचते. ते काढून टाकण्याचा सोपा उपाय एकच, पाणी बदलणे.

पाणी बदलण्याचे काम बेळगावात निसर्गच करतो. शहरात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोली, चोर्ला या घाटमाथ्यांवर त्याच्या कित्येक पट. १२५० मिलिमीटर पाऊस उदाहरणातील ५० चौरस मीटर तलावावर पडला तर ६२.५ घनमीटर पाणी होते, म्हणजे जवळजवळ आणखी एक तलाव. पाणी नीट मिसळून वाहत गेले असे धरले तर पावसाळ्याअखेर मूळ पाण्याचा सुमारे ४१ टक्के भाग उरतो. लिटरमागे ३५०० मिलिग्रॅम मीठ होते तेथे १४३० च्या आसपास राहते आणि ते पूर्ववत करायला १४५ किलो, म्हणजे ५० किलोची जवळपास तीन पोती लागतात. प्रत्यक्षात पावसाचे हलके पाणी वरच्या थरातूनच वाहून जाते, त्यामुळे घट काहीशी कमी भरते. पण अंदाज पक्का आहे. मीठ २५०० च्या खाली गेलेले असताना सेल चालू ठेवला तर क्लोरिनऐवजी ऑक्सिजन जास्त बनतो आणि पट्ट्यांवरील महागडा लेप लवकर झिजतो. जूनच्या मध्यावर पोहणारे नसतात म्हणून तलावाकडे कोणी फिरकत नाही आणि सप्टेंबरात नवा सेल विकत घ्यावा लागतो, याचे कारण हे आहे.

पावसाळ्याचा दुसरा परिणाम डोळ्यांना उशिरा दिसतो. पावसाच्या पाण्यात कॅल्शियम आणि बायकार्बोनेट जवळपास नसतात. असे भुकेले पाणी भिंतीच्या प्लॅस्टरमधून आणि टाइल्सच्या सांध्यांतून कॅल्शियम ओढून घेते. हाताला भिंत खरखरीत लागू लागते. उलट कॅल्शियम, अल्कता आणि पीएच तिन्ही जास्त असतील तर पांढरा थर बसतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलिअर यांनी १९३६ मध्ये नळांच्या गंजासाठी मांडलेला निर्देशांक याच तोलाचे मोजमाप आहे आणि तरणतलावासाठी तोच वापरतात. कॅल्शियमचा कठीणपणा लिटरमागे २०० ते ४०० मिलिग्रॅम असावा, असे सर्वसाधारण मत आहे.

येथे बेळगाव आणि निपाणी वेगळे पडतात. बेळगावला मार्कंडेय नदीवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल या जलाशयांचे पाणी मिळते. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी मुळात मऊ असते. नळाच्या पाण्याने भरलेल्या तलावात कॅल्शियम क्लोराईड वेगळे घालावे लागण्याचा संभव जास्त. निपाणीला शहराच्या पुरवठ्यासाठी जवाहर तलाव आणि वेदगंगा नदी आहे, परंतु शेतघराचा तलाव बहुधा विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यावर भरतो. काळ्या मातीखालच्या बेसॉल्टमधून आलेले हे पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट घेऊन येते. पाऊसही पूर्वेकडे कमी होत जातो, म्हणजे पातळ होण्याची सोय कमी.

उन्हाळ्यात आटण्याने यात भर पडते. दिवसाला ६ मिलिमीटर पाणी आटते असे धरले तर उदाहरणातील तलावात रोज ३०० लिटर भर घालावी लागते. तीन महिन्यांत २७,००० लिटर. त्या पाण्याचा कठीणपणा ४०० असेल तर १०.८ किलो कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा तलावात शिल्लक राहतो आणि तलावाचा आकडा सुमारे १५० ने वर जातो. याचा पहिला मार सेलला बसतो, कारण ऋणाग्राजवळचे पाणी अतिशय अल्कधर्मी असते आणि कॅल्शियम नेमके तेथेच जमते. आधुनिक यंत्रे ठरावीक वेळाने अग्रांची दिशा उलटवून हा थर झटकतात, तरी विहिरीच्या पाण्यावर ते पुरत नाही. मग पट्ट्या सौम्य आम्लात बुडवाव्या लागतात. लोखंडी ब्रशने किंवा स्क्रूड्रायव्हरने थर खरवडला की लेपही निघतो आणि सेल तेथेच संपतो.

मीठ कोणते घालावे, हाही प्रश्न विचारला जातो. वेंगुर्ल्याच्या बंदरातून आणि कोकणातील मिठागरांतून घाट चढून बेळगावला मीठ येत असे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने शिरोड्याची मिठागरे सर्वांना ठाऊक आहेत. ते जाडे मीठ लोणच्याला उत्तम, पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि माती असते, म्हणून सेलला वाईट. घरातील बारीक मिठात आयोडिन आणि मीठ मोकळे राहण्यासाठी घातलेले पदार्थ असतात; तेही टाळावे. औद्योगिक वापरासाठीचे शुद्ध केलेले, आयोडिन नसलेले मीठ घ्यावे. रिकाम्या पाण्यात ३५०० ची पातळी गाठायला ७० घनमीटरला २४५ किलो, म्हणजे सुमारे पाच पोती पुरतात.

चाचणी आणि वासाचा भ्रम

तलावाजवळ गेल्यावर 'क्लोरिनचा वास' झोंबला की लोक म्हणतात, आज क्लोरिन जास्त झाला. बहुधा झालेले असते उलट. घाम आणि मूत्रातील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरिन बांधला जाऊन क्लोरामाइन बनतात, तो वास त्यांचा असतो आणि डोळे लाल होतात तेही मुख्यतः त्यांच्यामुळे. मुक्त क्लोरिन कमी पडल्याची ती खूण आहे. उपाय म्हणजे क्लोरिन वाढवणे आणि पोहण्यापूर्वी साबणाने अंघोळ सक्तीची करणे. दुसरा उपाय फुकट आहे, तरी पाळला जात नाही.

म्हणूनच मुक्त आणि एकूण क्लोरिन वेगळे मोजणे आवश्यक ठरते. पिवळा रंग देणारे ऑर्थोटॉलिडीनचे थेंब स्वस्त असल्याने अजून वापरात आहेत. ते एकूण क्लोरिन दाखवतात. गुलाबी रंग देणारी डीपीडी पद्धत आधी मुक्त आणि मग एकूण असे दोन आकडे देते. दोहोंतील फरक म्हणजे बांधलेला क्लोरिन. डीपीडीत एक फसवणूक आहे. क्लोरिन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणात उडून जातो आणि नमुना रंगहीन दिसतो. नवखा मुलगा तो शून्य समजून आणखी पावडर टाकतो. असा संशय आल्यास नमुना शुद्ध पाण्याने पाच-दहा पट पातळ करून पुन्हा पाहावा. मिठासाठी यंत्रावर दिसणारा आकडा वाहकतेवरून काढलेला असतो. पट्ट्यांवर थर बसला किंवा पाणी थंड झाले की तोही चुकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटचे अनुमापन होतेच. विद्यार्थ्याने यंत्राचा आकडा आणि स्वतःचा आकडा शेजारी लिहावा. अनुमापन कशासाठी शिकायचे, हे त्याला तेव्हाच कळते.

मुक्त क्लोरिन राखणे म्हणजे केवळ पाणी निळे ठेवणे नव्हे. २०२४ च्या मे ते जुलै या काळात केरळात तीन मुले मेंदूचा दाह करणाऱ्या अमिबाच्या संसर्गाने दगावली. कोमट गोड्या पाण्यात वाढणारा हा जीव नाकात पाणी शिरल्यावर मेंदूपर्यंत जातो. तो समुद्रात आढळत नाही, पण तलावातील मीठ समुद्राच्या दहाव्या हिश्श्याचेच असल्याने मिठावर भरवसा ठेवता येत नाही. नीट राखलेला क्लोरिन मात्र त्याला मारतो. 'हा खाऱ्या पाण्याचा तलाव आहे, याला काही घालावे लागत नाही' या वाक्याची किंमत येथे कळते.

खोलीत काय ठेवू नये

देखभालीच्या खोलीत आम्लाचा कॅन आणि हायपोक्लोराईट किंवा ब्लिचिंग पावडर एकाच फळीवर असणे हे नेहमीचे दृश्य आहे. आम्ल आणि हायपोक्लोराईट एकत्र आले की क्लोरिन वायू सुटतो. एकाच मापाने आधी एक आणि मग दुसरे घेतले तरी तो सुटू शकतो. ट्रायक्लोरची गोळी आणि कॅल्शियम हायपोक्लोराईट ओलसर स्थितीत एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. दोघांवरही 'क्लोरिन' असेच लिहिलेले असल्याने गोंधळ सहज होतो. क्लोरिन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो, म्हणून तो खड्ड्यातल्या पंपघरात साचतो. वास आला तर वारा ज्या दिशेने येतो तिकडे आणि उंचावर जायचे, ओणवे होऊन पंप बंद करायला खाली उतरायचे नाही. हायड्रोजनचे उलट आहे. पाणी वाहत नसताना सेल चालू राहिला तर नळीत हायड्रोजन साठतो. प्रवाह थांबताच सेल बंद करणारा खटका बिघडला म्हणून तार जोडून तो टाळणे, ही 'जुगाड' वृत्ती येथे जिवावर बेतू शकते. विद्यार्थ्याने मालकाला नाही म्हणावे असे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांपैकी हा एक.

सोडलेल्या पाण्याचे काय

शेवटी एक गोष्ट राहते, तिचा विचार तलाव बांधताना क्वचितच होतो. गाळणी उलटी धुताना दर आठवड्याला २००० लिटर पाणी गेले तर त्याबरोबर ७ किलो मीठ जाते. तलाव पूर्ण रिकामा केला तर २४५ किलो. शेतघरात हे पाणी बहुधा शेजारच्या उसात किंवा ओढ्यात सोडले जाते. लिटरमागे ३.५ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्याची वाहकता मीटरला ६ ते ६.५ डेसिसिमेन्सच्या आसपास भरते, तर जमिनीतील क्षारता १.७ च्या पुढे गेली की उसाचे उत्पन्न घटू लागते. चिक्कोडी, रायबाग, अथणी आणि पलीकडे शिरोळ या कृष्णाकाठच्या तालुक्यांत अतिपाण्याने क्षारपड झालेल्या जमिनीची समस्या आधीच मोठी आहे. काळ्या मातीत सोडियम गेले की ढेकळे चिकट होतात आणि पाणी मुरत नाही. निपाणी भागात तर तंबाखू आहे. क्लोराईड जास्त शोषलेले तंबाखूचे पान नीट जळत नाही आणि त्याचा भाव पडतो.

गाळणी धुतल्याचे पाणी म्हणून शेतात किंवा विहिरीजवळ सोडू नये. शहरात सांडपाण्याच्या जोडणीत आणि ग्रामीण भागात अस्तर घातलेल्या उथळ टाकीत आटवावे. टाकीच्या तळाशी उरलेले मीठ पोत्यात भरता येते. पावसाळ्यात भरून वाहणाऱ्या पाण्यासाठी असा उपाय नाही. बेळगावच्या पावसात तलावातील १४५ किलो मीठ जून ते सप्टेंबर दरम्यान जाते कोठे, हे पाहायचे असेल तर तलावाच्या सांडव्याखालच्या मातीची वाहकता मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा मोजावी. एक भाग माती आणि पाच भाग शुद्ध पाणी ढवळून, गाळून, साध्या मीटरने हे करता येते आणि विद्यार्थ्यांच्या एका सत्राच्या प्रकल्पाला ते पुरेसे आहे.